एकोणीस नंबरची तार

ईरण्णानं श्रीपतीचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि टपालाच्या तराजूतलं लोखंडी वजन त्याच्या बोटांवर घातलं. पहिल्या घावाला श्रीपती ओरडला. दुसऱ्या घावाला त्याच्या तोंडातून आवाजच निघाला नाही.

“कुणाला सांगितलंस?” ईरण्णा विचारत होता. “गाडी कंच्या रस्त्यानं येणार ते फकस्त फोनवर बोललं होतं. तुझ्याबिगर ऐकणार कोण?”

आपण बोलणं ऐकत नाही, नंबर जोडून कान काढून घेतो, असं श्रीपती कसंबसं म्हणाला. ईरण्णानं त्याचं डोकं टेलिफोनच्या बोर्डाच्या लाकडी कडेवर आपटलं. सरकारनं तुम्हाला खुर्ची दिली म्हणून आमच्या घरातलं ऐकायला लागलात का, असंही तो म्हणाला. दारात पोस्टमास्तर उभे होते, त्यांच्या मागं बाजारातली माणसं. आत कोणी आलं नाही.

त्र्याहत्तर सालचा दुष्काळी उन्हाळा होता. उमरग्याजवळच्या त्या गावात सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. कडबा सोलापूरहून ट्रकनं यायचा. कडब्याला सोन्याचा भाव आला होता आणि हद्दीपलीकडं कर्नाटकात तो आणखी चढा होता, त्यामुळं वाटेत गाड्या लुटल्या जात होत्या. सोसायटीचे अध्यक्ष महालिंगप्पा दर खेपेला रस्ता बदलत आणि तो सोलापूरच्या व्यापाऱ्याला फोनवरूनच कळवत. तरी लुटणारे नेमके त्याच रस्त्यावर उभे असत. आदल्या दिवशी ड्रायव्हर बिरूनं गाडी सोडायला नकार दिला. त्यांनी त्याला खाली ओढून दगडांनी ठेचलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. आईनं त्याला पायावरून ओळखलं.

ईरण्णा हा महालिंगप्पांचा पुतण्या. वडील लवकर गेल्यावर तो काकांच्याच मांडीवर वाढला होता. म्हणून तो श्रीपतीला मारून गेला तेव्हा तो काकांच्या वतीनंच आला होता, असं गाव समजलं. फौजदारानं जबाब लिहून घेतला आणि चहा पिऊन तो निघून गेला.

घरी सरुबाईनं नवऱ्याच्या बोटांना हळद लावली, फळकुटाच्या पट्ट्या ठेवून चिंधी गुंडाळली. आपण लोहाऱ्याला भावाकडं जाऊ, असं ती दोनदा म्हणाली. श्रीपतीनं डाव्या हातानं चिंधीची गाठ आवळली.

“तुमी काय ऐकलंच न्हाय,” ती शेवटी म्हणाली, “तर मार कशाचा खाल्ला?”

बदली माणूस मिळेना, म्हणून चार दिवसांनी श्रीपती पुन्हा बोर्डापुढं बसला. गावातल्या प्रत्येक फोनला त्या बोर्डावर एकेक भोक होतं. डॉक्टरांचं चार, सोसायटीचं अकरा, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं एकोणीस. फोनवाल्यानं दांडी फिरवली की त्याच्या भोकावरची झडप पडायची. मग श्रीपतीनं दोरीची पिन त्या भोकात घालून नंबर विचारायचा. उजव्या हातानं हे काम तो न बघता करायचा. आता डावा हात चुकत होता. महालिंगप्पांचं सोलापूरशी बोलणं चालू असताना डॉक्टरांनी फोन केला आणि श्रीपतीची पिन चारऐवजी एकोणीसच्या भोकात गेली.

कानाला महालिंगप्पांचा आवाज आला.

त्यानं पिन काढली, पुन्हा घातली. जिनिंगला कुलूप लागून वर्ष झालं होतं. तो नंबर मेलेला, त्याची झडपसुद्धा कोणी कागदाची घडी कोंबून बंद केली होती. पण त्या मेलेल्या नंबरवर सोसायटीचं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं आणि अगदी जवळ कोणीतरी श्वास घेत होतं.

बोलणं संपल्यावर श्रीपती दिवा घेऊन बोर्डाच्या मागं गेला. अकराच्या खिळ्यापासून एकोणीसच्या खिळ्यापर्यंत बारीक तारेची जोडी ओढलेली होती. असं काम जमणारा लाइनमन गेल्या महिन्यात बदली घेऊन निघून गेला होता. सोसायटीत दांडी फिरली की तिकडं जिनिंगमधला फोनही वाजत असणार, आणि तिथं बसलेला माणूस नुसता रिसिव्हर उचलत असणार. जिनिंग महालिंगप्पांच्या घरची होती. किल्ली ईरण्णाजवळ असायची, हे गावाला ठाऊक होतं.

दुपारी तो छावणीवर गेला. महालिंगप्पा एका मरायला टेकलेल्या गाईजवळ उभे होते. श्रीपतीनं त्यांना बाजूला घेऊन तारेचं सांगितलं. माणसाचं नाव मात्र घेतलं नाही. एकोणीस नंबर, एवढंच म्हणाला. महालिंगप्पांनी त्याच्या हाताकडं बघितलं.

“तार तशीच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “कुणाला बोलू नको. म्या बघतो.”

घरातलं घरात मिटवतील, असं श्रीपतीला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारापुढून जाताना त्यानं बिरूचे दोघे भाऊ पाहिले. ते सहाणेवर कुऱ्हाडी घासत होते. शेजारी एक रिकामा ट्रक उभा होता आणि त्याच्यावर ताडपत्री आवळणं चालू होतं.

सांजेला अकराची झडप पडली. महालिंगप्पांनी सोलापूर मागितलं. लाइन मिळायला वेळ होता. श्रीपतीनं एकोणीसमध्ये पिन घालून ऐकलं. श्वास तिथं होता.

तो उठून बोर्डाच्या मागं गेला. तार नखानं ओढली तरी निघाली असती. त्यानं डावा हात पुढं केला आणि बोटानं तार धरली. दुखऱ्या हातात ठणका उठला होता. तो तसाच उभा राहिला. मग तार सोडून जागेवर येऊन बसला.

“श्रीपती,” महालिंगप्पांनी लाइनवरून हाक मारली.

“जी, आप्पा.”

पलीकडं खुर्ची करकरली.

“काय न्हाय. लाव सोलापूर.”

त्या दिवशी श्रीपतीनं कान काढला नाही. गाडी उद्या उजाडता तुरोरीच्या बाजूनं येईल, ड्रायव्हर एकटाच असेल, असं महालिंगप्पांनी सांगितलं. एरवी ते घाईनं बोलत. आज शब्द सावकाश येत होते. व्यापाऱ्यानं फोन ठेवला तरी त्यांनी रिसिव्हर ठेवला नाही.

उजाडता तुरोरीच्या अलीकडं ईरण्णानं आणि दोघांनी रस्त्यात दगड लावून ट्रक अडवला. ताडपत्री फेकून बिरूचे भाऊ खाली उतरले. बरोबरचे दोघे रानात पळाले. ईरण्णा पळाला नाही; हे आपल्याच सोसायटीचे लोक आहेत, आपल्याला हात लावणार नाहीत, असं त्याला वाटलं असावं. पहिली कुऱ्हाड गुडघ्यावर बसली. तो खाली बसला आणि काकांचं नाव घेऊन ओरडला. दुसरी मानेच्या बुडाशी बसली. पुढं ते दोघे किती वेळ मारत राहिले, हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. जीपमधून उमरग्याला नेताना ईरण्णा वाटेतच गेला.

डॉक्टरांसाठी आलेला फोन श्रीपतीनंच जोडला.

बिरूच्या भावांना पोलिसांनी नेलं. दरोडेखोरांशी झटापट झाली, असं गाव एका तोंडानं बोललं. ईरण्णाची आई शिवम्मा दिराच्या घरातून उठून माहेरी गेली. जाताना तिनं महालिंगप्पांकडं वळून पाहिलं नाही.

पुढं एका भर दुपारी महालिंगप्पा एकटेच पोस्टात आले. कोणती तार, असं त्यांनी विचारलं. श्रीपती त्यांना बोर्डाच्या मागं घेऊन गेला. त्यांनी वाकून पाहिलं, बोट लावलं आणि ती जोडी हिसकून काढली. धोतराला हात पुसून ते स्टुलावर बसले. दाढी वाढली होती.

“शिवम्माला तोंड दावता येत न्हाय,” ते म्हणाले. “बिरूच्या म्हातारीलाबी दावता येत नव्हतं.”

श्रीपती उभाच होता.

“त्या सांजेला तुला हाक मारली म्या. माज्यानं बोलवंना.” त्यांनी घसा साफ केला. “मला वाटलं, तू तार काढशील.”

बाहेर पोस्टमास्तर टपालावर शिक्के मारत होते.

“मला वाटलं, आप्पा,” श्रीपती म्हणाला, “तुमी रस्ता न सांगताच फोन ठेवाल.”

महालिंगप्पांनी मान हलवली. ऊन खिडकीतून सरकत टेबलापर्यंत आलं, तरी ते उठले नाहीत. श्रीपतीनंही त्यांना जा म्हटलं नाही.