लाइनीतलं ग्रीस

आमचे हे, म्हणजे हिरामण, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं. पाइपलाइन कळणारी आणि बाकीची. मी लग्नाच्या दिवसापासून बाकीच्यांत.

१९९२च्या उन्हाळ्यात त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफी झाली, मुंबईला जाऊन सीटी स्कॅन झाला. मग आमच्या सिंधी वसाहतीतल्या कॅम्प दोनच्या दवाखान्यात दर शनिवारी येणाऱ्या सर्जन डॉक्टरांनी सांगितलं, "कॅन्सर नाही. किडनीत चरबीची साधी गाठ आहे. पण तिची शेपटी किडनीच्या शिरेतून बाहेर पडून पोटातल्या मोठ्या शिरेत शिरलीय. ऑपरेशन करून काढावी लागेल."

'पण'च्या पुढचं ह्यांनी ऐकलंच नाही.

"चरबी म्हणजे ग्रीसच की," घरी आल्यावर म्हणाले. "लाइनीत ग्रीस थिजलं तर आम्ही काय पाइप कापत बसतो? गरम पाणी सोडायचं. वितळून जातंय."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॅम्प पाचच्या खोलीतला स्टोव्ह थंड झाला नाही. हे तांब्यावर तांब्या गरम पाणी प्यायचे, कमरेला रबरी पिशवी लावायचे आणि भर मे महिन्यात घोंगडी पांघरून घाम गाळत बसायचे. स्वयंपाकातलं तेलही बंद केलं, म्हणजे शिक्षा मलाही. शेजारच्या सिंधी मोतीबाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अंजना, तेरा आदमी बीमार है कि पक रहा है?" मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही उकळतं.

तिसऱ्या शनिवारी मी ह्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. वाटलं, डॉक्टर हसतील आणि ह्यांची जिरेल. डॉक्टर हसले नाहीत.

"हिरामणराव, थिजलेलं ग्रीस सुटलं की जातं कुठे?"

"पुढं."

"पुढे काय असतं?"

"पंप." ह्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुकडा मोठा असला तर पंप जॅम होतो, साहेब."

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "ती मोठी शीर थेट इथे येते."

त्यानंतर जे सुरू झालं ते गरम पाण्यापेक्षा वाईट. रिक्षात बसल्या बसल्या हे ड्रायव्हरला म्हणाले, "भाई, खड्डा बचाके, अंदर माल ढीला है." घरी आल्यावर भिंतीला टेकले ते हलेनात. शिंक आली की नाक दाबायचे, कुशीवर वळायचं झालं की मला हाक. एवढं करून ऑपरेशनला मात्र नकारच. दोन दिवस मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला, तेव्हा हळूच म्हणाले, "अंजना, आजवर हजार लाइनी खोलल्या. या वेळी आत मीच आहे गं."

माझा सगळा राग उतरला. हा माणूस भ्याला होता. त्याला भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मलाही तेव्हाच पहिल्यांदा भीती वाटली.

"कारखान्यात टाकीत माणूस उतरवता, तेव्हा काय करता?" मी विचारलं.

"बाहेर तोंडाशी एक जण उभा करतो. आतला वर येईस्तोवर त्यानं हलायचं नाही. चहालासुद्धा नाही."

"मग मी राहते उभी."

"सहा तास लागतील म्हणतात," म्हणाले.

"लागू देत."

मुंबईच्या हॉस्पिटलात सकाळी आठला त्यांना आत नेलं. मी दाराबाहेर उभी राहिले. सिस्टर दोनदा बाकाकडे बोट दाखवून गेली. वॉर्डबॉय "बाई, रस्ता अडवू नका" म्हणून खेकसला, मी त्याच्यावर दुप्पट खेकसले. पायांत गोळे आले. दोन वाजून गेल्यावर डॉक्टर मास्क खाली करत बाहेर आले.

"गाठ शेपटीसकट निघाली. सगळं ठीक आहे. आता बसा तुम्ही."

"हे बाहेर आले?"

"नाही. शुद्धीवर यायला अजून तासभर लागेल."

"मग तासाभराने बसते," मी म्हणाले.