घरच्या कापसाचा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे. तेल्हाऱ्याला चंद्रभान काकांच्या बैठकीत खिडकीच्या डाव्या अंगाला उभा असतो. उजव्या अंगाला माझा जोडीदार आहे. त्याच्या वाटेला कधी कुणी गेलं नाही. जे काही भोगायचं ते माझ्याच नशिबी होतं.

मित्रांनो, माझा जन्म अकोल्याचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अब्दुल रहीम चाचांनी बारा वर्षांपूर्वी मला घडवलं. त्यांनी जाड प्लायवूड कापलं, पुढे कागदी पडदा बसवला, मागे हवेसाठी एक भोक ठेवलं. आवाज घुमू नये म्हणून आमच्या पोटात कापूस भरतात. तो भरायची वेळ आली तेव्हा चंद्रभान काकांनी मोटारसायकलवरून एक गाठोडं सोडलं.

"रहीमभाई, हा माह्या वावरातला कापूस हाय. सरकी मी सोताच्या हातानं काढली."

"भाऊ, पिंजेल रुई भरा," चाचा म्हणाले. "सरकीचा एक दाना राह्यला तं पेटी खडखड करन."

"माह्या कापसाले नाव नोका ठेवू बापा!"

चाचांनी हात जोडले आणि मुकाट्याने तो कापूस माझ्या पोटात भरला.

पहिले काही महिने माझा काय थाट होता म्हणून सांगू! सारी गल्ली मला ऐकायला यायची. पण त्याच हिवाळ्यात मागच्या भोकातून एक उंदीर आत शिरला. कापसात राहिलेली सरकी त्याने वेचून खाल्ली, टरफलं तळाशी टाकली आणि निरोपही न घेता निघून गेला. तेव्हापासून जाड सूर आला की ती टरफलं नाचू लागत आणि मी खरखर करी. मला सगळं ठाऊक होतं हो. पण स्पीकरला दुसऱ्याचंच बोलता येतं, स्वतःचं नाही.

काका त्या खरखरीच्या मागे हात धुऊन लागले. अॅम्प्लिफायर तर घरातल्या धान्याच्या कोठीपेक्षा जास्त वेळा उघडला गेला. बैलाच्या दोराएवढी जाड वायर आली. तीनदा माझा पडदा बदलला. कुणी सांगितलं, खाली वजन पाहिजे, तर मला विटांवर चढवलं, मग फरशीवर, मग चक्क जात्याच्या पाळूवर. गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत काका "थांबा, थांबा" म्हणत उठायचे. दुसरं कडवं या घरात कुणी ऐकलंच नाही. आणि गंमत अशी, की पडदा काढला की वर पांढराशुभ्र कापूस दिसे, काका त्यावरून मायेने हात फिरवत आणि पडदा परत लावून टाकत. दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा संशय होता. घरच्या कापसावर कसा असेल?

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं सांगताना मला आजही वाईट वाटतं.

काकांच्या पत्नी जमुनाकाकू भुलाबाईची गाणी म्हणत. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात जमतात, भुलाबाईच्या, म्हणजे पार्वतीच्या, मातीच्या मूर्तीपुढे टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. काकूंचा आवाज जाड, भरदार, अगदी भाकरीसारखा. त्यांची लेक आचल अमरावतीला शिकते. तीन वर्षांपूर्वी तिने आईचं गाणं मोबाईलवर घेतलं आणि मोठ्या हौसेने माझ्यावर लावलं. जाड आवाज तो! पहिल्या ओळीपासून मी खरखरलो. काकांनी वायर बदलली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "समदं बदलून पाह्यलं, मशीन चांगली हाय. तुह्या आवाजातच खरखर हाय, जमुना."

काकू हसल्या आणि आत गेल्या. त्या वर्षी त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी म्हणाल्या, घसा बसला. आचल विनवायची, तर म्हणायच्या, "जाऊ दे वं. मशीन खोटं कायले बोलन?" मित्रांनो, खोटं मीच बोललो होतो. माझ्यामुळे त्या बाईचं गाणं बंद पडलं.

यंदा काकांनी नवी जोडी आणायचं ठरवलं आणि मला गोठ्यात टाकायचं फर्मान सोडलं. भुलाबाई दोन दिवसांवर होती. बैठक झाडायला म्हणून काकूंनी मला उचललं, तिरपं केलं, तशी आत टरफलं खुळखुळली आणि त्या थबकल्या. आता भुलाबाईची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवून त्यात फुटाणे आहेत की शेंगदाणे, ते काकूंइतकं अचूक गल्लीत कुणी सांगत नसे. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं.

"याच्यात सरकी हाय."

"पागल झाली काय?" काका म्हणाले. "माह्या हातानं साफ करेल कापूस हाय तो!"

काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी पेचकस घेतला, पडदा काढला आणि कापसाखाली थेट कोपरापर्यंत हात घातला. मूठभर काळी टरफलं काढून त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवली.

काकांनी ती बोटांनी चाळून पाहिली. सणाला घरी आलेल्या आचलने पडदा परत बसवला आणि न विचारता तेच जुनं गाणं लावलं. मी जीव ओतून गायलो. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, शेवटचं झालं. कुठेही खरखर नाही.

"खोट माह्या कापसात होती," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुह्या आवाजात नोती. माह्यं चुकलं, जमुना."

"तीन भुलाबाया मुक्याच गेल्या माह्या," काकू म्हणाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या. रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग रास्तच होता.

दोन दिवसांनी अंगणात मुली जमल्या. एक चिमुरडी ओरडली, "काकूचं गाणं स्पीकरवर लावा ना!" मी तयारच होतो. काका आत आले. मला वाटलं, आवाज वाढवतील. त्यांनी बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "काकू इथंच बसली हाय ना? तिलेच म्हना."

काकूंनी पदर खोचला. मग त्यांनी घसा साफ केला. पहिली ओळ जरा अडखळली, दुसरीला आवाज मोकळा झाला आणि मुलींच्या टाळ्या सुरू झाल्या. काका उंबऱ्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून राहिले.

मित्रांनो, आमची निगा जरूर राखा. धूळ पुसा, उंदरापासून सांभाळा, बिघडलो तर खोलून बघा. पण घरातलं कुणी गायला लागलं, तर आधी आम्हाला बंद करा. आम्हाला जराही वाईट वाटत नाही.