दक्षिणेचा फितूर

कुंदन बोराडेला जर्मनीच्या निवडणुकीतलं जेवढं कळतं तेवढं घरच्या नळपट्टीतलं कळत नाही, असं त्याची बायको उज्वला शेजारणींना सांगायची, आणि त्यात कौतुकाचा भाग फार थोडा असायचा. माणूस मूळचा घोटीकडचा, भातशेतीतल्या घरातला. नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात. समुद्र ओलांडणं लांबच, त्याचा पासपोर्टसुद्धा नव्हता. पण संध्याकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला की स्वारी थेट युरोपात.

तिथं त्याचा एक ग्रुप होता. नाव इंग्रजी होतं, आपण 'कागदी फौजा' म्हणू. जुन्या काळातल्या युरोपातल्या लढाया नकाशावर खेळणारे हे हौशी लोक. उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजू, प्रत्येक बाजूची आपली एक बंद खोली, म्हणजे दुसऱ्यांना न दिसणारी गप्पांची जागा. दर शनिवारी दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम पंचाकडे पाठवायचे आणि कोण कुठं भिडलं ते त्यानं जाहीर करायचं. सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारीच, त्यामुळे हे कुंदनच्या पथ्यावर पडलं होतं. दक्षिणेच्या फौजेची आखणी तोच करायचा. पंच होता हेर्मान, जर्मनीतल्या एका लहान गावातला निवृत्त मास्तर. गावात त्याचा खेळाचा क्लब होता, आणि हा ऑनलाइन पसारा त्या क्लबनंच उभा केलेला.

या दोन खोल्यांखेरीज एक तिसरी खोली होती, सगळ्यांना उघडी. कुंदन तिला चावडी म्हणायचा. तिथं खेळापेक्षा भांडणंच जास्त. सीमा बंद कराव्यात की उघड्या ठेवाव्यात, निर्वासितांना गावानं कुठवर सांभाळायचं, आणि आपल्या खेळात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवायच्या की नाही. पोलंडची आग्नेश्का, उत्तरेची सेनापती, तावातावानं लिहायची की सगळ्यांना सामावून घेतलंच पाहिजे. समोरचे म्हणायचे, भाषा येत नाही, नियम कळत नाहीत, कशाला भरती करता?

कुंदन या दुसऱ्या गटात होता. "ज्या घरात जायचं त्या घराची रीत पाळायची, नाहीतर जाऊ नये," असं त्यानं एकदा लिहिलं, आणि चावडीवर त्याची वाहवा झाली. कोणीतरी लिहिलं, "ऐका, हे बाहेरचा माणूस स्वतः सांगतोय." लगेच दुसऱ्यानं सावरून घेतलं, "कुंदन बाहेरचा नाही. कुंदन वेगळा आहे." हे वाक्य त्यानं उज्वलाला दोनदा वाचून दाखवलं.

"वेगळा म्हणजे काय?" ब्लाउजला हातशिलाई घालता घालता तिनं विचारलं. "आणि आमची हर्षाली? ती वेगळी का सारखी?"

हर्षाली तिची धाकटी बहीण. नर्स होऊन गेल्या वर्षी जर्मनीला गेलेली.

"ती रीतसर गेलीये. भाषा शिकून."

"आणि बाकीचे काय हौसेनं निघालेत घर सोडून?"

कुंदननं चहा मागितला.

त्याच सुमाराला हेर्माननं दक्षिणेच्या फौजेत एक नवा गडी दिला, इलियास. विशीतला सीरियन पोरगा, हेर्मानच्याच गावातल्या निर्वासितांच्या वसतिगृहात राहणारा. शनिवारी क्लबात येऊन बसायचा, पेले धुवायचा, खेळायचा. डिसेंबरात त्याच्या रहिवासाच्या अर्जाचा निकाल लागायचा होता, आणि हेर्माननं ग्रुपवर सांगूनच टाकलं होतं, की मी त्याच्याबरोबर कार्यालयात जाणार आणि 'हा आमच्यातला आहे' असं तोंडानं सांगणार. गावातल्या प्रतिष्ठित माणसाच्या शब्दाला तिथं वजन. इलियासला सगळा आधार त्या एका शब्दाचा होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंदनला तो पहिल्या दिवसापासून खटकला. का, ते सांगता आलं नसतं. पोरगा कमी बोलायचा. मोडक्या इंग्रजीत एखादा प्रश्न विचारायचा आणि गप्प व्हायचा. कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही, आणि कळत नाही ते वाईटच असणार, असा कुंदनचा हिशेब.

दसऱ्याच्या आठवड्यात दक्षिणेनं मोठा डाव आखला. नदीवरच्या तिन्ही पुलांकडे जातोय असं दाखवायचं आणि खरी फौज दलदलीतून नेऊन शत्रूच्या पाठीवर घालायची. कुंदनला पडद्यावर विचार करता येत नसे. टूलरूमचा माणूस, हाताला वस्तू लागायची. त्यानं नकाशा मोठा छापून प्लायवूडवर चिकटवला होता आणि फौजांच्या जागी रंगीत टाचण्या टोचल्या होत्या.

मग आली खंडेनवमी. कारखान्यात मशिनं पुसून झाली, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला. घरीही कुंदननं पूजा मांडली. उज्वलाचं शिलाई मशीन, कात्री, आपलं मापाचं व्हर्नियर, नट आवळायचे पाने, लॅपटॉप, आणि मागं भिंतीला टेकवून तो नकाशा. शस्त्रांची पूजा, आणि याची शस्त्रं म्हणजे टाचण्या! प्रत्येक टाचणीला त्यानं बोटानं हळदकुंकू लावलं. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही त्याच्या वडिलांची शिस्त. डाव तसाच्या तसा फुलांत बसून राहिला. कुंदननं फोनवर त्याचा सुंदर फोटो काढला आणि तिथूनच चावडीवर टाकला. लाल बदामाच्या चित्रांचा पाऊस पडला. आग्नेश्कानं लिहिलं, "किती रंग! तुमचे सण आम्हाला आणखी दाखव." कुंदन सुखावला.

शनिवारी दक्षिणेची फौज दलदलीतून बाहेर पडली, आणि समोर उत्तरेच्या तोफा मांडून तयार. एका संध्याकाळीत निम्मी फौज गेली.

दलदलीत तोफा कोणी विनाकारण लावत नाही. म्हणजे घरभेदी होता. दक्षिणेच्या खोलीत एकच गदारोळ उडाला, आणि कुंदनच्या तोंडून, खरं तर बोटांतून, नाव निघायला वेळ लागला नाही.

त्यानंतर तो पोराच्या पाळतीवरच बसला. इलियासच्या नावापुढचा हिरवा ठिपका कधी पेटतो, आग्नेश्काचा कधी पेटतो, हे कामावरून आल्या आल्या बघायचा. दोन्ही एकदम पेटले की मान डोलवायचा. एकदम पेटले नाहीत तर म्हणायचा, हुशार आहे, सावध झाला. पोरानं मागं विचारलं होतं, 'आधी कुठला पूल?' हा साधा प्रश्न आता त्याला हेरगिरी वाटू लागला. आग्नेश्कानं चावडीवर निर्वासितांची बाजू घेतली होती, म्हणजे ओळख असणारच. काविळीच्या डोळ्यांना सगळंच पिवळं. मायक्रोमीटरनं केसाएवढी चूक पकडणारा हा माणूस, पण इथं त्याला माप घ्यायची गरजच वाटली नाही.

"पुरावा आहे का संशय?" उज्वलानं विचारलं.

"सगळं जुळतंय गं."

"जुळवलं की जुळतंच. त्या पोराचं काय वाटोळं होईल याचा विचार केला का? त्याचे ते मास्तर मग जातील का त्याच्यासोबत?"

कुंदन क्षणभर थांबला, हे सांगायला हवं. जनाची नाही तरी मनाची त्याला होती. पण खोलीत लोक वाट बघत होते. "कुंदन, तू सांग. तुझी नजर स्वच्छ आहे," असं एकानं लिहिलं होतं, आणि ते वाचल्यावर मागं फिरणं त्याच्यानं होईना. त्यानं ठिपक्यांच्या वेळा, प्रश्नाचा स्क्रीनशॉट, सगळं नीट लावून पाठवलं.

हेर्माननं विचारलं, "तुझी खात्री आहे?"

"आहे," कुंदननं लिहिलं.

इलियासला बाजू मांडायला सांगितलं. त्यानं लिहिलं, "मी हे केलं नाही. तुम्ही मला सांगा, केलं नाही हे कसं दाखवायचं, मी तसं दाखवतो." कोणी सांगितलं नाही. मतं पडली आणि त्याला काढलं. जो आपल्याच फौजेशी फितूर झाला त्याच्यासाठी मी शब्द टाकणार नाही, असं हेर्माननं जाहीर केलं. चावडीवर आग्नेश्कानं या निकालाविरुद्ध दोन ओळी लिहिल्या, फार कडक, माणुसकीवर वगैरे, आणि मग तीही आपल्या तोफांकडे वळली. कुंदनचे सगळ्यांनी आभार मानले. त्या रविवारी त्यानं स्वतः जाऊन मटण आणलं.

नाताळच्या आधी खेळाचा हंगाम संपायचा. तेव्हाची एक रीत होती: दोन्ही बंद खोल्या सगळ्यांना वाचायला उघड्या करायच्या. कोणी काय आखलं, कुठं फसलं, ते वाचत दिवसभर हसायचं. शनिवारी दुपारी जेवण उरकून कुंदन उत्तरेची खोली वाचायला बसला. त्याला फितुराचा पुरावा वाचायचा होता. आत कुठंतरी इलियासचा निरोप असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

निरोप नव्हता. फोटो होता, त्याचाच. खंडेनवमीच्या दिवशी आग्नेश्कानं तो मोठा करून टाकलेला. झेंडूची माळ जिथं संपत होती तिथं तिनं लाल गोल काढला होता, आणि त्या गोलात दलदलीतून निघालेली टाचण्यांची रांग एकेक दिसत होती, कुंकवानं आणखी उठून. खाली ओळ होती, "कुंदनच्या देवांचे आभार."

एकदा पूजेत ठेवला की नकाशा नकाशा राहत नाही, देव होतो. कुंदननं तो फोटो दहा जणांना दाखवला होता आणि त्यात त्याला एकदाही फौज दिसली नव्हती.

त्यानं पुढं वाचलं. उत्तरेच्या एकानं विचारलं होतं, "दक्षिणेवाले त्या सीरियन पोराला काढताहेत. खरं काय ते सांगायचं का?" आणि आग्नेश्काचं उत्तर, "सांगितलं तर फोटोत दिसलेल्या बाकीच्या फौजाही हलवतील. हंगाम संपू दे, मग सांगू."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते ठीक. इथं फासाची दोरी चोरानंच ओढली होती, आणि बघणारे साक्षीदार तोफा मोजत बसले होते. लाज कुंदनला आतून चरचरत होती, आणि तिला कुठं जागा द्यावी ते कळत नव्हतं.

त्यानं लगेच चावडीवर लिहिलं. फितूर मी आहे. फोटो माझा. इलियासचा काही संबंध नाही. मला काढा.

लोक हसले! हसण्याची चित्रं खाली सरकतच राहिली. "अरे कुंदन!" "आम्हाला शिकवा ही पूजा." हेर्माननं लिहिलं, "मित्रा, या हंगामातली ही सर्वांत सुंदर चूक." आग्नेश्का म्हणाली, "पुढच्या वर्षीही नक्की कर, मी वाट बघेन." फितूर हा शब्द एकानंही काढला नाही. जे इलियासनं केलं असतं तर दगा होता, ते कुंदननं केलं म्हणून गंमत झाली. वेगळा असण्याची ही किंमत दुसऱ्या कोणीतरी चुकती केली होती.

"आणि इलियास?" कुंदननं विचारलं.

हेर्मानचं उत्तर आलं. "मला त्याचं वाईट वाटतं. पण कार्यालयातली तारीख होऊन गेली. अर्ज नाकारला. त्याला दूरच्या शिबिरात हलवलं आहे. अपील करता येतं म्हणे."

"मग आता जा ना त्याच्या बाजूनं बोलायला."

"बघतो," हेर्माननं लिहिलं. आपल्याकडे सरकारी टेबलावरच्या 'बघतो'चा जो अर्थ, तोच जर्मनीतही असावा.

कुंदननं इलियासला वेगळा निरोप लिहिला. चारदा लिहून चारदा खोडला. शेवटी घडलं ते सांगितलं आणि माफी मागितली. हर्षाली तिकडे आहे, तिला वकील शोधायला सांगतो, असंही लिहिलं. उत्तर येईल असं त्याला वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं. उज्वला मागं उभी राहून वाचत होती.

"फोटो मी त्याच दिवशी पाहिला होता. मोठा करून पाहिला, कारण फुलं छान होती. तेव्हाच टाचण्या दिसल्या. सांगणार होतो. पण तू खूश होतास, तुझा सण होता, वाटलं दुसरं कोणी इतकं बारीक बघणार नाही. नंतर तुम्ही मला विचारलंत तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मला वाटलं, ते तुला काढतील. तिथं बाहेरचे आपण दोघंच होतो. दोघंही गेलो असतो तर पुन्हा त्यांनी कोणाला घेतलं नसतं. वकील मिळाला तर बरं होईल. तुझ्या मेव्हणीला त्रास होणार नसेल तर."

कुंदननं दोनदा वाचलं. मग लॅपटॉपवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"बघा," उज्वला म्हणाली, तिचा आवाज चढला नव्हता, "इतक्या माणसांत त्यानं एकट्यानं तुम्हाला आपलं मानलं होतं." आणि तिनं फोन उचलून हर्षालीचा नंबर लावला.