फटीतलं कुंकू

दिव्या मॅडमनी डबी उघडून टेबलावर ठेवली आणि ज्ञानदेवने वाकून पाहिलं. काडेपेटीएवढी ती डबी त्यानेच घडवली होती. आत चकचकीत दोन पट्ट्या, मध्ये केसभर फट. आता पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि फटीच्या कोपऱ्यात लालसर डाग होता.

"यात कुंकू कसं आलं?" मॅडमनी विचारलं.

महाळुंग्यातल्या त्या वर्कशॉपमधली माणसं मशीन सोडून टेबलाभोवती जमली होती.

गणपतीच्या आधी मॅडम पुण्याच्या संशोधन संस्थेतून पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून काम समजावलं होतं. तंबाखूच्या पानावर रोग पाडणारा एक विषाणू काडीसारखा लांबट असतो. पाण्याच्या थेंबात या काड्या वाटेल तशा फिरतात, म्हणून क्ष-किरण टाकले तर नुसतं गिचमिड चित्र येतं. थेंब या फटीत ठेवून पट्ट्यांना विजेचा दाब दिला की साऱ्या काड्या एका दिशेला वळतात, चित्र स्वच्छ येतं. वीज बंद केली की पुन्हा पांगतात. "पाणी अगदी शुद्ध लागतं. जरा क्षार गेला तरी वीज पाण्यातूनच धावेल, थेंब उकळेल. फटीला बोटसुद्धा लावू नका," असं त्यांनी बजावलं होतं.

मालक साहेबराव तंबाखू मळत हसले होते. "आमची तंबाखू एकदम शुद्ध हाय, मॅडम."

ज्ञानदेवने मात्र त्या डबीत जीव ओतला. लातूरहून आल्यापासून त्याची उमेदीची वर्षं कंत्राटावरच सरली होती. "ह्यो जॉब पास झाला की तुला कायम करतो," असा साहेबरावांनी शब्द दिला होता, आणि त्याच्या बायकोने, अंजलीने, तो थेरगावच्या चाळीत सगळ्यांना सांगूनही टाकला होता.

खंडेनवमीला लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूची फुलं आणि हळदकुंकू लागलं. धुऊन-पुसून ठेवलेली डबी साहेबरावांनी पाटावर मांडली आणि ओल्या कुंकवाचं बोट थेट फटीवर टेकवलं. ज्ञानदेवने तोंड उघडलं होतं. पण साहेबरावांनी वर पाहिलं आणि त्याने मुकाट्याने हात जोडले. मागाहून कोणी नसताना त्याने डबी स्पिरिटने पुसली. निघालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

"पहिल्याच थेंबाला ठिणगी उडाली," मॅडम म्हणाल्या. "क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर मला मोजकेच दिवस मिळाले होते. ते गेले. निदान कळू तरी द्या, कुणी लावलं?"

"आमी तर समद्यांना सांगितलं व्हतं, जॉबला हात लावू नगा म्हणून," साहेबराव म्हणाले आणि त्यांनी ज्ञानदेवकडे पाहिलं. मग भिमाजीने पाहिलं, जो रोज त्याच्या डब्यातली भाजी खायचा. मग ड्रिलवाल्यांनी, पॅकिंगच्या कुसुमताईंनी. एकेक मान त्याच्याकडे वळली.

ज्ञानदेवला भयंकर चीड आली. पण हात जोडताना आपणही मालकांच्या नजरेसरशी असेच वळलो होतो, हे त्याला विसरता येईना.

"मालकांनी लावलं, मॅडम," तो म्हणाला. "मी आडवायला पायजे होतं. न्हाई आडवलं. भिमाजी, तू बाजूलाच होतास. सांग की."

भिमाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "मी न्हाई बघितलं, भावा."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं, डबी मिटली. "मला तुमच्या भांडणात पडायचं नाही," म्हणाल्या आणि निघाल्या.

"उद्यापास्नं येऊ नगंस," साहेबराव म्हणाले. ते केबिनमध्ये गेले तशी माणसं पांगली, आपापल्या मशीनला लागली. ग्राइंडर सुरू झाला.

ज्ञानदेवने आपली हत्यारं पिशवीत भरली. मापं घ्यायचा व्हर्नियर त्याचा स्वतःचा होता. खंडेनवमीला त्याला कुंकू त्यानेच लावलं होतं, अंजलीचं नाव घेऊन. आता घरी गेल्यावर तिला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. त्याने अंगठ्याने कुंकू पुसलं. वरचं निघालं. आकड्यांच्या खाचांतलं निघेना, तेव्हा तो तिथेच उभा राहून नखाने खरवडत राहिला.