मंगळवारी उतरलेलं विमान

मोनाली घनसावंगीहून सकाळच्या पहिल्या जीपनं निघाली, जालन्याला एसटी धरली आणि साडेदहाच्या आत भोकरदनच्या शाळेत पोचली. भूगोलाच्या शिक्षिकेची एकच जागा होती. सहा वर्षं तिनं तासिकेवर काढली होती. आज नववीच्या मुलींवर पाठ घेऊन दाखवायचा होता. मागच्या बाकावर संस्थेचे सचिव धर्मराज आणि मुख्याध्यापिका उषाबाई येऊन बसले.

तिनं फळ्यावर प्रशांत महासागरातली दोन बेटं काढली, उपोलू आणि तुतुइला.

"मधलं अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. इथून जालन्याला जाऊन परत यावं, जवळपास तेवढंच. छोट्या विमानाला पाऊण तास धरू. उपोलूहून बुधवारी सकाळी दहाला निघालं, तर तुतुइलाला कधी उतरेल?"

"पावणेअकराला," वर्ग एका सुरात म्हणाला.

"वार कोणता?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मोनालीनं दोन बेटांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा ओढली आणि लिहिलं : मंगळवार, पावणेअकरा.

धर्मराज उठले. "आज निघालेलं विमान काल उतरतंय? काय शिकवून राह्यल्या तुम्ही, बाई? पुसा ते."

"बराबर आहे, सर. रेषा ओलांडली की वार एक दिवस मागं जातो."

"पुसा म्हणालो ना मी."

उषाबाई पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, मला ठाऊक आहे. पण नेमणूक त्यांच्या हातात आहे. पुसून टाका, बाई."

'या वेळी नक्की होतंय' असं आईला सांगून मोनाली आल्ती. तिनं डस्टर उचललं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावला.

"लिहून घ्या," ती वर्गाला म्हणाली. पोरींच्या माना वह्यांवर वाकल्या. धर्मराज तरातरा निघून गेले. तिनं घंटा होईपर्यंत पाठ घेतला.

पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं, कारणाचा रकाना कोरा. ते घेऊन ती थेट धर्मराजांच्या टेबलासमोर जाऊन बसली.

"सर, कारण लिहून द्या."

"जागा भरली आता. कशाला वाढवता?"

"जागा मागायला न्हाई आले. मी कशात कमी पडले ते लिहा, मंग जाते."

शिपाई दोनदा डोकावून गेला. ती हलली नाही. अखेर धर्मराजांनी पत्राच्या कोऱ्या रकान्यात 'चुकीचं शिकवतात' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात बाजूला बसलेल्या उषाबाई बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल असं बोलल्या, "सर, पुस्तकात आहे ते. खाली तुमची सही राहील."

पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'उमेदवार ऐकत नाहीत,' आणि सही ठोकली.

मोनालीनं वाचलं. "हे मात्र खरंय," ती म्हणाली.

दुपारच्या एसटीनं ती जालन्याला आली, पत्राची झेरॉक्स काढली, तक्रार लिहून तिला जोडली आणि शिक्षण विभागाच्या खिडकीत दिली. आतला बाबू उद्या या म्हणाला. पोचपावतीचा शिक्का हातात पडल्यावरच ती खिडकीवरून हलली.