धार ठेवलेला फाळका

मित्रांनो, कोळशाच्या ट्रकच्या मागे लोखंडी दार असते. ते उघडले की माल खाली पडतो. त्या दाराला फाळका म्हणतात. मी तसा एक जुना फाळका आहे. आता घुग्घुस या खाणीच्या गावी एका अंगणात अर्धा मातीत गाडलेला उभा आहे. माझ्या पोटात एक राग आहे, तो आधी सांगतो.

माझा मालक गुणवंतराव. मी नवा होतो तेव्हा त्याने मला हार घातला. मग खाणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या बिजागरीला त्याने कधी तेलाचे बोट लावले नाही. मी अडलो की तो घण घाली आणि चारचौघांत मला भंगार म्हणे. कोळशाचा भार मी झेलला, शिव्याही मीच खाल्ल्या. शेवटी त्याने ट्रक विकला आणि मला काढून गल्लीत फेकले. तिथे गंजत पडलो असताना मी एकच मागत होतो, या माणसाला एकदा माझे लोखंड कळू दे.

शेजारी बशीर वेल्डर राहत असे. त्याच्या मुलीकडे, आफ्रीनकडे, नवाब नावाचे कासव होते. परदेशी जातीचे, वनखात्याकडे नोंद केलेले. नागपूरला तिच्या मामाच्या फ्लॅटमध्ये ते मावेना, म्हणून इकडे आले. नवाब अंगणात मोकळा फिरे. गुणवंतरावाचा कुत्रा टायगरही मोकळाच. एका दुपारी टायगरने नवाबच्या पाठीवरच्या कवचाची कड हाडकासारखी चावून काढली. बशीर जाब विचारायला गेला.

"गुणवंतभाऊ, कुत्रा बांधून ठेवा ना."

"तुमचा नवाब तं टोपलं घालूनच फिरते, बशीरभाऊ. त्याले काय होते?" गुणवंतराव हसला. "लयच भेव वाटते तं घर बांधून द्या त्याले."

बशीर परत फिरला. येताना त्याने मला गल्लीतून ओढत आणले.

मला गॅसने कापून त्याने नवाबसाठी अंगणात वाडा बांधला, आणि काम मन लावून केले. कासवाची ही जात माती उकरते, म्हणून मला हातभर खोल गाडले. उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून आतून ओले बारदान लावले. पळसाच्या डहाळ्यांची सावली केली. पण गॅसने कापलेल्या पत्र्याची कड करवतीसारखी राहते. कोणताही वेल्डर ती ग्राइंडरने घासतो. बशीरने कोपरे घासले, बाजू घासल्या आणि वरची कड तशीच ठेवली. उंचीही मुद्दाम कमी धरली. कुत्रा आत डोकावला की त्याचा गळा नेमका त्या धारेवर यावा, म्हणून.

"वरची धार काऊन ठेवली?" त्याच्या बायकोने, सुलतानाने, विचारले. "पोरगी वाकते इथी."

"पोरीले सांगून ठेव. ज्याच्यासाठी ठेवली, त्याले समजन."

"कुत्र्याले, का कुत्र्याच्या मालकाले?"

"पह्यले कोण येते ते पाहू."

मला तो माणूस फार आवडला. आम्ही दोघे वाट पाहत राहिलो.

टायगर आला तो भर दुपारी. त्याने मला हुंगले, मागे सरकला आणि उडी मारली. माझ्या धारेला त्याचा केससुद्धा लागला नाही. आत नवाबचा मागचा पाय त्याच्या जबड्यात सापडला. आफ्रीनची किंकाळी ऐकून बशीर दुकानातून धावला आणि घाईत माझ्यावर हात टेकवून आत उडी मारायला गेला. त्याचा तळवा फाटला. ज्या रक्ताची मी वाट पाहत होतो, ते हे नव्हते.

ओरडा ऐकून गुणवंतराव आला. त्याने पट्टा धरून कुत्र्याला ओढले, आपला दुपट्टा फाडून बशीरचा हात बांधला आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेले. टाके पडले. परतल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला.

"अशी धार कोणं ठेवली?"

"म्याच," बशीर म्हणाला. "तुमच्यासाठी."

गुणवंतराव बाह्या सारत पुढे आला. मग म्हणाला, "ग्राइंडर कुठी हाय?"

ज्याने मला कधी तेल दिले नाही, तो माझी कड घासत बसला. बांधलेल्या हाताचा बशीर बाजूला बसून त्याच्या चुका काढत होता. "भाऊ, पत्रा घासा, सोताचा अंगठा नोका घासू." एक ठिणगी गुणवंतरावाच्या पायावर पडली आणि तो उडाला. तेवढा सूड मी घेतला. मग दोघांनी माझ्यावर दुसरा पत्रा चढवून उंची वाढवली आणि वरून जाळी टाकली. टायगरला साखळी आली.

नवाब अजून तो पाय ओढत चालतो. संध्याकाळी बारदानाला अंग टेकवून बसतो, तेव्हा तो लंगडा पाय मला जाणवतो. गुणवंतरावाला मी माफ केलेले नाही. पण मित्रांनो, तुम्ही एखाद्या मुक्या जिवाला घर बांधाल, तेव्हा मनातला राग दाराबाहेर ठेवा. कुत्र्याचा गळा मोजू नका. त्याची उडी मोजा.