बिनफेसाची बिअर

“फेसच नाही की हिला!” हॉटेलवाल्याने ग्लास दिव्यासमोर धरला आणि एक डोळा बारीक केला. “वकीलसाहेब, तुमच्यात बघा बरं. आहे का?”

वकिलाने आपल्या ग्लासात डोकावून पाहिलं. “होता जरासा. बसला.”

मामी स्वयंपाकघराच्या दारात दाण्यांची दुसरी बशी घेऊन उभी होती. टेबलाच्या टोकाला तिची भाची बसली होती, खरं म्हणजे नवऱ्याची भाची, नणंदेची मुलगी. समोरच्या बाटल्या तिने स्वतः बनवलेल्या बिअरच्या होत्या आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

“असं व्हायला नको खरं तर,” ती हळूच म्हणाली. “काल मी यातलीच एक उघडून बघितली होती.”

“काल असेल गं चांगली,” हॉटेलवाला हसला. “पण माझं गिऱ्हाईक आज येतं ना!”

मग मामाने, म्हणजे मामीच्या नवऱ्याने, घसा खाकरून निकाल दिला. “फेस नाही म्हणजे बिअर मेली. तिकडे कारखान्यात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हे.”

पहिल्याच दिवशी! जसा काही महिनाभर राहिला होता तिथे. गेला होता तो एक दिवस, त्यातही अर्धा दिवस बसमध्ये.

त्याचं असं झालं होतं. मामा विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहून आला. मामी गेली नाही, कारण ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुट्टी दिली नाही. मुलाने बापाला एका रविवारी बिअरचा कारखाना दाखवायला नेलं. शेवटी चाखायला म्हणून इवल्या इवल्या ग्लासांतून चार प्रकारची बिअर दिली. झालं! आयुष्यभर चहापलीकडे कशाला न शिवलेला माणूस परत आला तो पंडित होऊनच. जव कसे भिजवतात, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी टाकतात, कुठली बिअर किती गार प्यायची, रोज प्रवचन. चहाचा कपसुद्धा आधी नाकाशी नेऊन हुंगायला लागला. शाळेपासूनचे दोन मित्र, एक वकील आणि एक हॉटेलवाला, यांना बोलावून दर शनिवारी बैठक सुरू झाली. बैठकीचे ग्लास धुवायचे मामीने, दाणे परतायचे मामीने.

एकदा तिने सहज विचारलं होतं, “मी बघू का जरा चाखून?”

“तुला काय कळणार त्यातलं?” मामा म्हणाला होता. “आणि बरं दिसतं का ते?”

अहो, काहीतरी एक ठरवा ना! कळणार नाही म्हणून द्यायची नाही, की बरं दिसत नाही म्हणून? मामीच्या मनात आलं होतं, पण ती बोलली नाही. दिवसभर दवाखान्यात लोकांना “तोंड उघडा, अजून उघडा” म्हणणारी ही बाई घरी आली की स्वतःचं तोंड मिटून घ्यायची. सवयच लागली होती तशी.

आजची बैठक मात्र मामीने जमवून आणलेली होती. भाचीने गावाबाहेर एक शेड भाड्याने घेऊन बिअर बनवायला घेतली होती. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. परवान्यासाठी तिने चपला झिजवल्या, पिंपं स्वतः घासली, आणि बिअर तयार झाली तेव्हा कोणी दारात उभं करेना. हॉटेलवाल्याच्या बागेत रोज संध्याकाळी बसायला जागा मिळत नसे. त्याने हिची बिअर ठेवली असती तर शेड टिकली असती. नाहीतर महिनाअखेर शेड सोडायची आणि वडिलांनी शब्द टाकून ठेवलेल्या औषधाच्या कंपनीत मुकाट्याने रुजू व्हायचं, असं घरच्यांनी बजावलं होतं. मामीने नवऱ्याच्या खूप विनवण्या केल्या, तेव्हा कुठे तो म्हणाला, “बरं, आण म्हणावं. बघू.”

सकाळी बाटल्या पोचवायला आली तेव्हा भाचीने एवढंच सांगितलं होतं, “मामी, ग्लास सोड्याने धू, भरपूर पाण्याने विसळ आणि पालथे ठेवून दे. पुसायचे मात्र नाहीत. तेलाचा नुसता हात लागला ना, तरी फेस धरत नाही.” मामीने कामावर जाण्याआधी तसंच केलं होतं. विसळणं हा तर तिचा रोजचाच धंदा.

आणि तरी हे असं! जीव टांगणीला लागल्यासारखी ती दारातून बघत राहिली. हॉटेलवाला ग्लास हलवत होता, नाक मुरडत होता.

“चव तशी वाईट नाही,” वकील म्हणाला.

“चव नंतर हो. गिऱ्हाईक आधी बघतं, मग पितं. हे असं पुढ्यात ठेवलं तर म्हणेल, शिळी दिलीत. आणि राग मानू नकोस हं बाळ, हा धंदा म्हणजे काय लोणी काढणं नव्हे. बाईमाणसाला जमायला…” त्याने वाक्य अर्धंच सोडलं आणि दाणे तोंडात टाकले. मामीने भाजलेले दाणे!

बशी टेबलावर आदळून मामी आत आली. तोंडावर पाणी मारावं म्हणून नळापाशी गेली आणि थबकली. नळावर पिवळं फडकं वाळत घातलं होतं. हे इथे कसं? लाकडाला तेल लावायचं फडकं होतं ते. तिने नाकाशी नेलं, तर वास ताजा. बाहेरचं टेबल आज कधी नव्हे ते चकाकत होतं, ते तिने आल्या आल्याच पाहिलं होतं. जाळीवर एक जास्तीचा ग्लास उरला होता, तोही उभा, आणि तोही चकाकत होता. तिने त्यात पाणी घेऊन ओतून दिलं. आतून थेंब थेंब सुटून घरंगळले, काचेला पाणी चिकटेचना.

“अहो, जरा आत या.”

मामा कपाळाला आठ्या घालून आला. “काय आहे? लोक बसलेत बाहेर.”

“ग्लास पुसलेत का तुम्ही?”

“मग? पाण्याचे डाग होते त्यांच्यावर! चार लोकांत डागाळलेले ग्लास मांडू? तुझं लक्ष असतं कुठे?”

“कशाने पुसले?”

मामाने इकडेतिकडे पाहिलं. मामीने ते फडकं सरळ त्याच्या नाकापुढे धरलं. “हुंगा. सगळं हुंगता येतं ना तुम्हाला आताशा.”

त्याने हुंगलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कळलं त्याला, चांगलं कळलं. क्षणभर मामीला वाटलं, आता हा बाहेर जाईल आणि हसत हसत सांगेल, अरे, माझाच गाढवपणा झाला. काय बिघडलं असतं? सगळे हसले असते, ग्लास धुतले असते, पोरीचं काम झालं असतं.

“हे बघ,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “झालं ते झालं. आता गप्प बस.”

“गप्प बसू? ती पोर मान खाली घालून बसलीय तिकडे!”

“मी समजावतो तिला नंतर. त्यांच्यासमोर माझी शोभा करू नकोस. इतके दिवस मी त्यांना शिकवतोय, आणि आता सांगू, की मीच तेलकट फडक्याने… छे! आणि खरं सांगू का, ताईलाही हा धंदा पसंत नाहीच. परस्पर सुटलं तर बरंच झालं एका अर्थी.”

बरंच झालं! मामीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतक्या वर्षांत हा माणूस तिला हट्टी वाटला होता, बढाईखोर वाटला होता. पण स्वतःच्या अकलेचे तारे झाकायला एका मुलीचा बळी देईल, असं कधी वाटलं नव्हतं.

तो बाहेर गेला. मामीने कान दिला.

“होतं गं असं सुरुवातीला,” मामा भाचीला म्हणत होता, आणि आवाजात काय ती माया! “पहिलाच प्रयत्न आहे. मनाला लावून घेऊ नकोस.”

“माझंच काहीतरी चुकलं असेल, मामा,” भाची म्हणाली. “सॉरी. तुमचा सगळ्यांचा वेळ गेला.”

माफी मागत होती ती त्याची! आणि तो घेत होता!

मामी बाहेर आली. “तिचं काहीही चुकलेलं नाही. ग्लासांना टेबलाचं तेल लागलंय. यांनी त्याच फडक्याने पुसले.”

हॉटेलवाला मोठ्याने हसला. “वहिनी, भाचीची बाजू घ्यायची ती किती! अहो, आम्ही काय खाणार आहोत का तिला?”

“बाजू नाही घेत. द्या तो ग्लास.” त्याच्या हातातला ग्लास तिने जवळजवळ काढूनच घेतला. आत जाऊन सोडा चोळला, नळ पूर्ण सोडून विसळला आणि तसाच निथळता आणून टेबलावर ठेवला. चकाकत्या टेबलावर पाण्याचं वर्तुळ उमटलं. “ओत गं.”

भाचीने नवी बाटली उघडली. बिअर ग्लासात उतरली तसा फेस वर चढत गेला, पांढरा, दाट, आणि काठाशी येऊन तिथेच बसून राहिला. सगळे बघत होते. तो खाली जाईना.

“आहे की,” वकील म्हणाला.

हॉटेलवाल्याने घोट घेतला, मग दुसरा. मिशीला फेस लागला. “फस्क्लास!” त्याच्या तोंडून निघून गेलं. भाचीने मान वर केली. मामीला वाटलं, झालं बाई एकदाचं.

तेवढ्यात हॉटेलवाल्याची नजर मामाकडे गेली. मामा टेबलाकडे बघत बसला होता, कोणीतरी तोंडात मारावी तसा. हॉटेलवाल्याने ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली.

“पण कसं आहे, वहिनी, मित्राच्या घरी येऊन मित्राचाच पाणउतारा बघायचा, हे काही मला बरं नाही वाटलं. चार भिंतींत सांगायच्या गोष्टी असतात. असो. बघू पुढे कधीतरी.”

“बिअर चांगली आहे ना?”

“बिअरचा प्रश्न नाही हो.”

“मग कशाचा आहे?”

हॉटेलवाला वाकून चपला शोधायला लागला. वकील मामीकडे बघून ओशाळं हसला आणि त्याच्या मागोमाग निघाला. मामा दोघांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. थोड्याच वेळात तिकडून बोलणं ऐकू यायला लागलं, मग हसणंही. कोणी काही चेष्टा केली असणार. कोणाची, ते सांगायला नको.

भाची बाटल्या दोन खोक्यांत भरायला लागली. “मामी, तू बोलली नसतीस तर…”

“तर काय? तुझी बिअर वाईट म्हणून गेले असते. आता चांगली आहे हे माहीत असून गेले.”

“मिळालं काय पण? दोन्हीकडून शेड जातेच.”

“काही नाही मिळालं,” मामी म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला शरम वाटली. मग नुकत्याच धुतलेल्या ग्लासातलं उरलेलं तिने ओतून टाकलं, पुन्हा धुतला आणि खुर्ची ओढून बसली. या बैठकीच्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. “ओत मला.”

“मामी!”

“ओत म्हणते ना.”

तिने घोट घेतला. तोंड कसंनुसं झालं. “कडू आहे गं.”

“असतेच. नको घेऊस मग.”

“थांब जरा.” तिने दुसरा घोट तोंडात धरून ठेवला. “कडू आहे, पण औषधासारखी नाही. पावाची भाजकी कड असते ना, तसं काहीतरी लागतं मागून.”

भाची रडता रडता हसली. “तेच तर जमवायला वर्ष गेलं माझं.”

एवढंच? मामीला वाटलं. एवढ्याशाच गोष्टीसाठी आपल्याला दारात उभं केलं यांनी? आणि हिचं वर्ष दाण्यांबरोबर चावून टाकलं? तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तिने सावकाश, न थांबता, ग्लास संपवला.

“धर त्या बाजूने,” ती उठत म्हणाली.

“जड आहे, मामी. मी दोन खेपा करते.”

“धर.”

पहिलं खोकं दोघींच्या मध्ये धरून त्या पुढच्या दाराने बाहेर आल्या. फाटकाशी तिघेही उभे होते, निरोप काही संपत नव्हता. खोकं आणि मामी दिसल्यावर बोलणं थांबलं. हॉटेलवाला बाजूला झाला, वकीलही झाला. मामा लगबगीने पुढे आला.

“अगं, हे काय? दे इकडे, मी घेतो. लोक बघतायत.”

“फाटक धरा,” मामी म्हणाली.

त्याने फाटक उघडून धरलं. भाचीच्या जुन्या गाडीत मागे खोकं ठेवलं, दुसरं आणलं, तेही ठेवलं. फाटक आपोआप मिटायचं, म्हणून तो ते हाताने लोटून उभा राहिला. मग मामी पुढचं दार उघडून आत बसली.

“तू कुठे निघालीस?”

“शेडवर. एकटी कशी उतरवेल ती?”

“आत्ता? आणि जेवण?”

“दाणे उरलेत,” मामी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती शेड तिने अजून पाहिली नव्हती, आणि महिनाअखेरीला ती राहणार नव्हती. भाचीने गाडी सुरू केली. मित्र एव्हाना आपापल्या वाटेला लागले होते. गाडी वळली तेव्हा मामीने आरशात पाहिलं, तर तो अजून फाटक धरून उभा होता.